मार्चमध्ये काय लावू? पर्वरीच्या प्रश्नाला कुळागरातून उत्तर

प्रश्न पुण्याहून पर्वरीला राहायला आलेल्या एका ताईंचा आहे. थोडक्यात असा: घरामागे दोन खोल्यांएवढी मोकळी जागा, तिच्यात एक जुना आंबा, पुढे पश्चिमेची गॅलरी, आणि नुकताच आणलेला एक मोगरा. लहानपणी आजीच्या वाड्यात चैत्र म्हणजे मोगरा, आंबेडाळ आणि पन्हं. इथे थंडी सरली आणि दुसऱ्या दिवसापासून घामच सुरू झाला. "गोव्यात वसंत असतो का हो? असला तर या दिवसांत बागेत काय लावायचं, नि स्वयंपाकघरात काय करायचं?"

असतो हो ताई. पण तुम्ही तो हवेत शोधताय आणि आमची हवा त्या बाबतीत अगदी बेभरवशाची. फेब्रुवारीत पहाटे शाल लागते, त्याच दिवशी दुपारी पारा बत्तीस-तेहतीसला जातो. मार्च निम्मा झाला की समुद्रावरचा दमट वारा सुरू होतो, मग पाठीला सदरा चिकटतो तो जूनपर्यंत. अंगाला विचारलंत तर अंग म्हणणार, उन्हाळा आला. झाडांना विचारा.

मी सावईवेऱ्याच्या बाजूला सासरच्या कुळागरात, म्हणजे नारळ-पोफळीच्या बागेत, पस्तीस वर्षं राबते आहे. माहेर सत्तरीतलं, काजूच्या डोंगराखालचं. त्यामुळे दोन्ही तऱ्हेचे वसंत पाहिलेत: एक पाटाच्या पाण्यावरचा, गर्द सावलीतला, दुसरा उघड्या डोंगरावरचा, पाण्याच्या थेंबाशिवायचा. दोन्हींनी मला एकच गोष्ट शिकवली, आणि ती आधी सांगते, कारण तिथे तुमचे पैसे वाचतील. फाल्गुन-चैत्रात झाडं लावू नका. जी आहेत ती राखा.

हे मी फुकट शिकलेले नाही. लग्नाला दोन वर्षं झाली असतील. मार्चच्या पहिल्या आठवड्यात एका नर्सरीतून अठरा रोपं घेऊन आले. जायफळं, कोकम, दोन लवंगा, चार पपनसं, आणि काय काय. सगळी टवटवीत, नवी पालवी फुटलेली. पुस्तकात वाचलेलं डोक्यात, वसंत म्हणजे नवी सुरुवात! सासूबाई ओट्यावर बसून बघत होत्या. रागावल्या नाहीत, हसल्याही नाहीत. एवढंच म्हणाल्या, "उदक कोण घालतलो?" मी म्हटलं, मी घालीन. आणि घातलंही. रोज दोन्ही वेळ, पोटात सहा महिन्यांचं मूल घेऊन, कळशीने. एप्रिलच्या शेवटी जायफळाच्या पानांच्या कडा तपकिरी व्हायला लागल्या, मग पानं कागदासारखी वाजायला लागली. मे संपता संपता अठरातली चार उरली होती, आणि ती चारही गोठ्याच्या मागे होती, जिथे दुपारनंतर ऊनच येत नाही.

कारण साधं आहे. पिशवीतल्या रोपाची मुळं पिशवीएवढीच असतात. वरची पालवी मात्र मार्चच्या उन्हात पाणी मागत सुटते. आपली माती जांभ्याची, पाणी घातलं की खाली सोडून देणारी. पुण्याची काळी माती ओल धरून बसते, तिच्या भरवशावर तिथे जे चालतं ते इथे चालत नाही. आणि तीन महिन्यांनी, जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात, आभाळ स्वतः पाणी घालायला येणारच असतं. गोव्यात वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. त्याच्या आधी तीन महिने कळशी वाहण्यात काय अर्थ? सासूबाईंच्या प्रश्नात एवढं सगळं होतं.

आता राखायचं म्हणजे काय करायचं.

पहिला तुमचा आंबा. कुठल्या जातीचा ते तुम्ही लिहिलं नाही. पर्वरीचा जुना आंबा म्हणजे मानकुराद असू शकतो, मुसराद असू शकतो, नाहीतर रायवळ. कुठलाही असो, त्याच्या पाण्याचं गणित उलटं असतं. पावसानंतर नोव्हेंबर-डिसेंबरात त्याला तहानलेला ठेवायचा. मोहराला तो ताण लागतो. आमच्या दिराने एका वर्षी हौसेने डिसेंबरभर नळी लावून ठेवली. झाड इतकं खूश झालं की फेब्रुवारीत नुसती तांबूस पालवी फुटली, मोहराचं नाव नाही. आता मार्चात फळ वाटाण्याएवढं ते लिंबाएवढं झालेलं असेल. या वेळी पाणी जरूर द्या. पंधरा दिवसांतून एकदा, पण भरपूर, आणि खोडापाशी ओतू नका. दुपारी बारा वाजता झाडाची सावली जिथे संपते त्या कडेने द्या, पाणी पिणारी मुळं तिथे असतात. काढणीच्या दोन-तीन आठवडे आधी बंद करा, नाहीतर फळ पाणचट होतं.

खाली रोज मूठभर कैऱ्या पडताहेत म्हणून घाबरू नका. एका मोहरात शेकडो फुलं असतात, त्यांतली बरीचशी नर, त्यांना फळ धरतच नाही. जी धरतात त्यांतलीही झाड आपल्या ताकदीएवढी ठेवतं, बाकीची टाकून देतं. एका तुऱ्याला एक-दोन आंबे राहिले म्हणजे झाडाने काम चोख केलं. पडलेल्या गोळा करा, त्यांचं काय करायचं ते पुढे सांगते. पानं चिकट लागत असतील, काळी काजळी धरली असेल, तर तुडतुडे झाले होते असं समजा. पण पुढच्या वर्षी मोहर पूर्ण फुललेला असताना विषारी फवारा मारू नका. आंब्याचं परागीकरण माश्या आणि बारक्या मधमाश्या करतात. त्यांना मारलंत तर तुडतुडे जातील आणि आंबेही जातील. माझ्या ओळखीत हे लोक दरवर्षी करतात आणि दरवर्षी हवामानाला शिव्या देतात.

दुसरा पातेरा, म्हणजे गळलेली पानं. हे मात्र मी जरा तावातावाने लिहिणार आहे. फेब्रुवारी-मार्चात संध्याकाळी पर्वरीपासून पेडण्यापर्यंत कुठेही जा, अंगण झाडून पानांचा ढीग पेटवलेला दिसेल. धूर घरात, राख अंगणात, आणि मग हेच लोक म्हापशाच्या बाजारातून खताची पिशवी विकत आणतात. झाड वर्षभर राबून जे अन्न वर चढवतं ते फेब्रुवारीत स्वतःच्या पायाशी टाकतं, नेमकं उन्हाच्या आधी. ते अंथरूण आहे. पाणी घातल्यावर आंब्याच्या, फणसाच्या पानांचा वीतभर थर आळ्यात पसरा, खोडापासून चार बोटं सोडून, म्हणजे वाळवी खोडाला लागणार नाही. आठ दिवसांनी हात घालून बघा. वर पानं कुरकुरीत, खाली माती गार आणि ओली.

नारळाची सोडणं, म्हणजे वरची काथ्याची जाड सालं, मिळाली तर त्याहून छान. ती अंथरताना पालथी ठेवायची, फुगीर बाजू वर. होडीसारखी उताणी टाकलीत तर पावसाच्या पहिल्या सरीला त्यांत पाणी साठून डासांची पैदास होते. मुंबईहून आलेल्या आमच्या भाच्याने एकदा शंभर सोडणं नीट ओळीने उताणी मांडली होती, दिसायला सुंदर!

तुमची गॅलरी पश्चिमेची आहे, तिथे एक कुळागराची युक्ती कामाला येईल. दुपारनंतरचं नैऋत्येचं ऊन सर्वांत वाईट. पोफळीच्या खोडावर ते सतत पडलं की साल भाजते, मग तिथे चीर जाते आणि दोन-तीन वर्षांनी एखाद्या वादळात झाड नेमकं त्याच जागी मोडतं. म्हणून कडेच्या पोफळींच्या खोडाला त्या बाजूने सुकलेल्या झावळ्या बांधायच्या. नवी लावलेली झाडं असतील तर खोडाला चुना. कुंड्यांचंही तेच. ऊन पानांना सोसतं, पण तापलेल्या कुंडीच्या भिंतीला चिकटलेली मुळं शिजतात. कुंड्या एकमेकींना खेटून ठेवा, पश्चिमेच्या बाजूला गोणपाट ओलं करून लटकवा, आणि खाली फरशी तापत असेल तर दोन चिरे नाहीतर विटा सरकवा. पाणी सकाळी सातच्या आत.

एवढं करूनही लावायचा हात शिवशिवत असेल, आणि तो शिवशिवतो हे मला माहीत आहे, तर भाजी लावा. भाजीचा हिशेब महिन्या-दोन महिन्यांचा असतो, ती पावसाची वाट बघत नाही. तांबडी भाजी, म्हणजे तुमचा लाल माठ, सर्वांत सोपी. आंब्याच्या सावलीच्या कडेला, सकाळचं ऊन मिळेल अशा जागी दोन हात रुंद वाफा करा, शेणखत मिसळा. बी खसखशीएवढं बारीक असतं, त्यात मूठभर रवा मिसळून फेकते मी. एक तर बी एका जागी पडत नाही, दुसरं म्हणजे मुंग्या आधी रवा नेतात. वरून बोटभर सुद्धा माती नको, नुसता हात फिरवायचा. पंचवीस-तीस दिवसांत उपटण्याजोगी होते. भेंडी, गवार, चवळी, काकडी हेही आत्ता चालतात. कोथिंबीर, नवलकोल, कोबी, टोमॅटो यांचा नाद सोडा. त्यांचे दिवस दिवाळीनंतर. एप्रिलात कोथिंबीर चार पानं देते आणि लगेच फुलावर येते, जणू घाई झालीय.

मोगऱ्याबद्दल. तुमच्या आजीचा मोगरा चैत्रात भरभरून यायचा, कारण कुणीतरी पौष-माघात त्याच्यावर कात्री चालवत होतं. मोगऱ्याला फूल नव्या फुटीवर येतं. जानेवारीत पाणी तोडायचं, पानं झडू द्यायची, फांद्या एक तृतीयांश छाटायच्या, मग मुळाशी माती हलवून शेणखत घालायचं आणि पाणी सुरू करायचं. दीडेक महिन्यात कळी. तुम्ही आत्ता आणलेल्या मोगऱ्याला हे करायला उशीर झालाय, तरी वाळक्या आणि काडीसारख्या बारीक फांद्या काढून टाका, मे महिन्यात तरी काही फुलं मिळतील. ऊन मात्र पाच-सहा तास हवं. सावलीतला मोगरा पानांचा गुबगुबीत पसारा करतो आणि फुलत नाही.

अबोलीचं उलट, तिला अर्धी सावली आवडते. आणि अबोली लावायचं एक कारण बागेशी संबंधित नाहीच. तिची सुकलेली बोंडं पाण्यात टाकली की थोड्या वेळाने टप्पकन फुटतात आणि बी उडवतात. आम्ही लहानपणी ती जिभेवर ठेवून तोंड मिटून बसायचो, कुणाची आधी फुटते त्याची पैज. देवपूजेला फुलं काढणाऱ्या काकूंना आम्ही सगळे गप्प कसे बसलोय याचं नेहमी नवल वाटायचं.

आता वसंत कुठे दिसतो ते. एका रविवारी पहाटे निघा आणि साखळी गावावरून वाळपईच्या वाटेला लागा, जमलं तर चोर्ला घाटापर्यंत. मार्चचा पहिला पंधरवडा उत्तम. डोंगर तपकिरी, गवत वाळलेलं, कित्येक महिन्यांत पाऊस नाही, आणि त्यात मध्येच एखादं झाड पेटल्यासारखं लाल. लोक म्हणतात फुललंय. जवळ जा, ती फुलं नव्हेत, पालवी आहे. कुसुंब. त्याची कोवळी पानं लालभडक येतात, मग तांबूस, मग पोपटी. कोवळ्या पानात हरितद्रव्य नंतर भरतं, तोवर तो लाल रंग उन्हापासून पानाला सांभाळतो. आंब्याची कोवळी पानं अशीच तांब्याच्या रंगाची, लोंबती असतात, तुमच्या परसात बघा.

लहानपणी मला कोडं पडायचं की पाणी नाही तर ही झाडं आत्ताच का पालवतात, पावसाची वाट का बघत नाहीत? बाबांचं उत्तर होतं, "पाहुणे आल्यावर का कोणी चूल पेटवतं?" पुढे वाचल्यावर कळलं की बाबा बरोबर होते. यांतली पुष्कळ झाडं दिवस मोठा होऊ लागला की जागी होतात, खोल मुळांतलं आणि खोडातलं साठवलेलं पाणी वापरतात, आणि पहिला पाऊस पडेपर्यंत त्यांची पानं कामाला तयार असतात. याच दिवसांत सावर आणि पांगारा पानं टाकून फुलतात, त्यांच्यावर मैना, कावळे, सूर्यपक्षी यांचा बाजार भरतो. बहावा मात्र एप्रिल-मेमधला, त्याला आत्ता शोधू नका.

माहेरी वसंत कळायचा तो वासाने. काजूच्या बोंडूंचा, म्हणजे फळांचा, वास, ज्याने तो एकदा घेतलाय त्याला सांगायला नको. गोड, तुरट, किंचित आंबूस. फाल्गुनात गावात शिरलं की तोच. सकाळी सहाला आम्ही भावंडं आजोबांच्या मागे डोंगरावर. आजोबांच्या हातात लांब काठी, टोकाला खिळा ठोकलेला. पडलेला बोंडू टोचायचा, वाकायचं नाही, टोपलीच्या कडेला काठी आपटून आत पाडायचा. झाडावरचा तोडायचा नाही, पिकून आपसूक पडलेलाच घ्यायचा, हा कायदा. आम्हा पोरांचं काम बी पिळून वेगळं करायचं. बोंडूचा रस कपड्यावर पडला की डाग जन्माचा. माझ्या एका पिवळ्या फ्रॉकवर असे अकरा डाग होते, आईने मोजून दाखवले होते.

बोंडू पायांनी मळायचे, मग चोथा बांधून त्यावर दगड ठेवायचा. त्या दाबाखाली थेंब थेंब निथळतो तो नीरो. स्वच्छ, सोनेरी, करवंटीतून प्यायचा, दुपार व्हायच्या आत. पहिल्या मळणीचा रस दोन-तीन दिवस आंबवून भट्टीवर चढवला की पहिल्या धारेचा हुर्राक, आणि पुन्हा गाळला की फेणी. ते आमच्यासाठी नव्हतं, पण भट्टीच्या धुरात आम्ही वाढलो. काजूच्या फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा आजोबा नव्हते. काजू पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलकडून आणला हे सांगितलं असतं तर त्यांनी मला वेड्यात काढलं असतं. पहिला बोंडू ते ग्रामदेवतेपुढे ठेवायचे.

मग शिगमो, म्हणजे आमचा शिमगा. आमच्या भागात घोडेमोडणी असते. कमरेला लाकडी घोडा बांधलेले, हातात तलवार, पगडीला फुलांचे वळेसर, म्हणजे गजरे, असे गडी ढोल-ताशांवर नाचत यायचे. शहरातले चित्ररथ बघाच, पण एकदा तरी आतल्या गावातला शिगमो रात्री बघा. मांडावर, म्हणजे गावाच्या खेळाच्या जागी, बसलेल्या बायकांच्या केसांत या दिवसांत एक फूल असतं, ज्याबद्दल पुण्याच्या माणसाला सहसा माहीत नसतं. सुरंगी.

सुरंगीवर मी पानंच्या पानं लिहीन. झाड गर्द, काळपट हिरवं, एरवी कुणी ढुंकून बघणार नाही असं. फेब्रुवारी-मार्चात जुन्या फांद्यांवर, पानांच्या खाली, सालीलाच चिकटून कळ्यांचे गुच्छ येतात. मोत्याएवढी गोल कळी. ती उमलायच्या आत काढायची, म्हणजे पहाटे, शिडी लावून, काळोखात हाताने चाचपडत. उमललं की पांढऱ्या पाकळ्यांत केशरी-पिवळ्या केसरांचा पुंजका. वळेसर करताना मधमाश्या हातावर येऊन बसतात, चावत नाहीत, त्यांचं लक्ष दुसरीकडे असतं. याचा वास सुकल्यावरही जात नाही. माझी आजी सुकलेले वळेसर लुगड्यांच्या घड्यांत ठेवायची, आणि ऐन पावसात गणपतीला ट्रंक उघडली की चैत्र बाहेर यायचा. पणजी-म्हापशाच्या फुलवाल्यांकडे थोडेच दिवस मिळते, दिसली की भाव करत बसू नका. झाड लावायचं असेल तर पावसात लावा, आणि मनाची तयारी ठेवा की बियांपासून वाढवलेल्या झाडाला फुलायला वर्षं लागतात. माझं मुलीच्या बारशाला लावलेलं, ती कॉलेजात गेली तेव्हा फुललं.

स्वयंपाकघराचं सांगते. आंबेडाळ, पन्हं सोडू नका, तुमच्या घरचं आहे ते. त्याच्या शेजारी आमचं करम ठेवा. पडलेल्या कोवळ्या कैऱ्यांना आम्ही तोर म्हणतो. तोराच्या फोडी मिठात थोडा वेळ ठेवायच्या, त्यांना खोबरं, सुकी मिरची, चिमूटभर मोहरी यांचं कच्चं वाटण लावायचं, जरा गूळ. शिजवायचं काही नाही. अख्खे तोर मिठात दाबून बरणीत घातले की पावसात पेजेबरोबर तोंडी लावायला होतात. चैत्रातच ती बरणी भरलेली असली की मी आषाढाला घाबरत नाही.

मार्चात बाजारात ओले काजू येतात. आमच्याकडे त्यांना बिबे म्हणतात. पुण्यात बिब्बा म्हणजे निशाणीचा, अंगावर उठणारा, म्हणून माझ्या एका पुणेकर वहिनी 'बिब्यांची उसळ' ऐकून ताट सरकवून बसल्या होत्या. दोन्ही झाडं एकाच कुळातली, हे त्यांना तेव्हा सांगितलं नाही. तुम्ही मात्र सोललेलेच घ्या. टरफलाच्या तेलाने कातडी भाजते, आणि ओठाला लागलं तर आठवडाभर हसता येत नाही. गरम पाण्यात घालून आतलं तांबडं साल काढा, खोबऱ्याचं वाटण, थोडा गूळ, बस. त्यात गरम मसाला घालणाऱ्यांशी मी भांडत नाही, पण त्यांच्याकडे जेवायलाही जात नाही.

आणि एप्रिलात रायवळ पिकू लागले की सासव. कोंकणीत सांसवां म्हणजे मोहरी. तिच्यावरून नाव. यासाठी मानकुराद वापरू नका. मोसमाच्या सुरुवातीला त्याचा डझन हजारांच्या भावात असतो, आणि तो नुसता खायचा आंबा आहे. याचं नावच मुळात पोर्तुगीजांनी 'वाईट रंगाचा' म्हणून ठेवलेलं, म्हणजे त्यांनी साल बघितली आणि चाखायला उशीर केला. त्यालाही २०२३ साली मानांकन मिळालं. सासवाला हवीत घोटां. लिंबापेक्षा थोडी मोठी, दोऱ्यादोऱ्यांची, आंबटगोड रानटी आंबुली. आठ-दहा घ्या. हाताने सालं काढा, सालं वाटीभर पाण्यात पिळून तो रसही घ्या, कोयी अख्ख्या राहू द्या. मीठ-गूळ घालून एक उकळी, मग उतरवून गार करा. अर्ध्या नारळाचं खोबरं आणि चार सुक्या मिरच्या बारीक वाटा. चमचाभर मोहरी अगदी शेवटी घालायची, दोन वेढे फिरवायचे आणि थांबायचं. मोहरी जास्त वाटली गेली, की सगळं कडू. मिक्सर असेल तर तापलेल्या भांड्यात मोहरी नकोच, वेगळी कुटून घाला. वाटण थंड रसात मिसळा, वरून मोहरी-हिंग-कढीपत्त्याची फोडणी. लगेच वाढू नका, तासभर तरी मुरू द्या, मग ते नाकात चढतं. कोय चोखत जेवायचं असतं, पाहुण्यांसमोर असलात तरी.

राहिलं काय ते पटकन सांगते. रानमेवा: कांटां म्हणजे तुमची करवंदं, आणि चुन्नां म्हणून पांढरी पिठूळ फळं, एप्रिलपासून रस्त्याच्या कडेला वाट्यावर मिळतात. आम्ही ती शाळा सुटल्यावर डोंगरातून खात घरी यायचो. आता वरच्या वर्गांच्या शाळा एप्रिलातच पुन्हा सुरू होतात, पोरं डोंगरावर जाणार कधी कोण जाणे. भिरंडां, म्हणजे कोकम, एप्रिल-मेमध्ये, तेव्हा आगळ, म्हणजे त्यांचा मिठातला रस, घालून ठेवा. पाडव्याला कडुनिंब-गूळ आहेच, आणि जेवायला मणगणे: चण्याची डाळ, साबुदाणा, गूळ, नारळाचा रस. ते चांगलं व्हायला रस शेवटी घालून फक्त गरम करायचं, उकळलं की फुटतो.

शेवटी तुमची मोकळी जागा. आत्ता तिथे काही न लावता दोन गोष्टी करून ठेवा. कुठे ऊन किती वाजता येतं-जातं ते एका कागदावर मांडा, आठवडाभर बघून. आणि मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात जिथे झाड हवंय तिथे दोन हात लांब-रुंद-खोल खड्डा खणून उन्हात तापू द्या. मग शेणखत आणि हा साठवलेला पातेरा आत. आमची हळद खणून झाली आहे. बियाण्याचे गड्डे सावलीत वाळूखाली ठेवलेत, आल्याचेही. मृग लागला, पहिले दोन पाऊस पडून माती आतपर्यंत भिजली, की एक टोपली घेऊन या. सुरंगीची दोन रोपंही झाडाखाली उगवली आहेत, एक तुमच्यासाठी पिशवीत काढून ठेवते.